वहीच्या कडेला काढलेला कोयता

आमच्या घरात सहा महिने माणसं असायची आणि सहा महिने निरोपाची वाट. दसरा झाला की माय आणि बाप टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, ते पाडव्याच्या आगेमागे परतायचे. मागं राहायचो मी आणि आत्या. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकलेली, पण चार शेळ्यांच्या जिवावर ताठ मानेनं जगणारी. पत्र्याचा एक खण, त्यात एक चूल, एक पेटी आणि आम्ही दोघी. हिवाळ्यात पत्रा इतका गार पडायचा की सकाळी त्याचे थेंब अंथरुणावर टपकायचे. आत्या म्हणायची, बघ, घराला थंडीत घाम फुटलाय. भाकर रोज असायची. भाकरीबरोबर काय, हा प्रश्न मात्र रोज नवा असायचा.

फोन गावात एकच, स्टँडवरच्या टपरीतला लाल डबा. उसाच्या फडात तोही नसायचा. निरोप यायचा तो एखाद्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर, तोंडी, अर्धा विसरलेला. मी रोज विचारायची, मायचा निरोप आला का. आत्या शेळीच्या आचळावरचा हात न काढता म्हणायची, “निरोप न्हाई म्हंजे बरं हाय.” सगळ्या गल्लीचं हेच होतं. मागं राहिलेली म्हातारीकोतारी या एका वाक्यावर हिवाळा काढायची. मीही काढला. एक नाही, सहा.

यंदा सुट्टी काढून गावी आले तेव्हा पाटोद्याच्या फाट्यावर ट्रॉल्या भरणं चालू होतं. पत्र्याच्या पेट्या, ताडपत्र्या, बांबू, पाय बांधलेल्या कोंबड्या, एका ट्रॉलीत तर शिलाई मशीनसुद्धा. डिझेलचा वास, आणि लोहाराकडून नुकत्याच धार लावून आणलेल्या कोयत्यांचा जळका वास. गल्लीत शिरले तर बंद घरांच्या दारांना बोराट्या लागल्या होत्या. घर रिकामं करून जाताना दाराला बोरीचा काटेरी फांजर आडवा लावून जायचं, म्हणजे कुत्री-शेळ्या आत शिरत नाहीत. कुलपाला पैसे पडतात, काट्याला नाही. कोणाचं दार उघडं आणि कोणाच्या दाराला काटा, एवढं बघितलं की गावातलं कोण गेलं ते कळतं. वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

त्या काट्यांकडं बघताना मला तीन वर्षांपूर्वीचा सीझन आठवला. तो आठवला की त्याच्या पाठीमागून दुसरा येतो, मी सहावीत असतानाचा. दोघं एकमेकांचा हात धरूनच येतात.

सहावीच्या वर्षी माय गेली तेव्हा तिला सातवा लागलेला होता. ट्रॉलीत चढताना तिनं एका हातानं पोट धरलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या वेणीची रिबीन नीट केली. त्या सीझनला एकही निरोप आला नाही. आत्या म्हणायची, बरं हाय. मी शाळेत पाटीवर होणाऱ्या बाळाची नावं लिहून पुसायची. शाळेत अर्धी बाकं रिकामी. गुरुजी हजेरी घेताना गेलेल्यांची नावं न थांबता, पाण्यावरून खडा टाकल्यासारखी, ओलांडून जायचे.

पाडव्याच्या दोन दिवस आधी, भर दुपारी ट्रॉली आली. माय उतरली. डोक्यावर पेटी होती. हातात काही नव्हतं. आत्यानं चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलं. मागाहून कळलं, बाळ कोपीत झालं होतं, पाचटाच्या त्या झोपडीत, आणि दिवस मावळायच्या आत गेलं होतं. पाचव्या दिवशी माय परत फडात उभी होती. एवढे महिने निरोप का आला नाही, याचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं. वाईट निरोप घेऊन यायला कोणाचे पाय उचलत नाहीत.

मायनं त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट ठरवली आणि बापाला ऐकवली: ही पोरगी शिकंल, हिच्या हातात कोयता मी देणार न्हाई. सातवी झाल्यावर बीडच्या वसतिगृहात मला सोडायला ती नेकनूरच्या गाडीत उभ्यानं आली. बी.एस्सी. बीडला झालं, एम.एस्सी. पुण्याला, संख्याशास्त्रात. आमच्या कुळात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली. हे मी लाजत-बुजत सांगत नाही, मोठ्यानं सांगते. ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून मायनं पेटीत ठेवलंय, तिच्या जुन्या कोयत्याशेजारी.

मी काम करते ते ऑफिस छोटं आहे, तीन टेबलांचं. कॉम्प्युटरला उदाहरणं दाखवून शिकवायचं, म्हणजे मशीन लर्निंग, हे तिन्ही टेबलांचं काम. एका टेबलावर कोणती मुलं शाळा सोडतील याचा अंदाज काढतात. एकावर गेवराईचा इम्रान बसतो. लोकांना लुबाडणारे खोटे मेसेज ओळखायला तो मशीनला शिकवतो. तिसरं माझं: गरोदर बायांच्या नोंदी बघून कोणाला धोका जास्त आहे ते आधी सांगायचं, म्हणजे नर्सताई आधी तिच्या दारात जाईल.

मला नोकरी लागली त्या वर्षापासून मायनं ऊस तोडायला जाणं सोडलं. हे सगळं तिला कसं सांगावं, याचा मी लई विचार केला होता. एका दुपारी ती हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. मी म्हटलं, माय, नियम सांगावा लागत नाही, हजारो जुन्या नोंदी दाखवल्या की मशीन आपलं आपण ओळखायला शिकतं. तिनं एक पिवळं पान वेगळं काढलं. मग म्हणाली, “म्हंजे मोळीसारखं.” मोळी म्हणजे उसाचा बांधलेला भारा. मायला मोळीला हात लावला की वजन कळायचं. कोणी शिकवलं नव्हतं. हजारो मोळ्या डोक्यावर घेऊन, हलत्या फळीवरून ट्रकात चढून, तिच्या मानेला ते कळायला लागलं होतं. मी पुण्यात दोन वर्षं वर्गात बसून जे समजून घेतलं, ते तिनं भाजी निवडता निवडता धरलं. वर तिची एक चौकशी होती: फोन करून ‘तुमचं खातं बंद झालं’ म्हणणाऱ्या त्या मेल्याला तुमचं मशीन धरतं का? तिलाही तसला फोन आलता. ती त्याला म्हणाली होती, बाबा, ते उघडं कवा व्हतं?

हे मी इम्रानला सांगितलं तेव्हा तो चहा सांडेपर्यंत हसला. मग म्हणाला, मावशींनी तुला तरी सांगितलं. जे फसतात आणि शरमेनं कोणाला बोलतच नाहीत, ते माझ्या मशीनला दिसत नाहीत. मशीनच्या लेखी गप माणूस म्हणजे सुखी माणूस. मी हो हो म्हटलं आणि कप धुवायला गेले. त्या दिवशी मी ते ऐकलं, पण कानात साठवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आधी, आमच्या मशीननं पहिली यादी काढली. धोका जास्त असलेल्या वर, कमी असलेल्या खाली. पहिली यादी माझ्याच गावात न्यायची, असा माझा हट्ट होता. ज्वारी हुरड्यात आली होती, रानातून गोवऱ्यांचा धूर येत होता. विहारासमोरच्या कट्ट्यावर मी कागद घेऊन बसले आणि समोर आमच्या गावची आशा कार्यकर्ती लताताई. लताताई आमच्या गल्लीतलीच. लहानपणी माझ्या डोक्यातल्या उवा काढलेली, म्हणून कुठंही ‘रंजे’ म्हणून हाक मारते. चार माणसांत एम.एस्सी. झालेल्या बाईची इज्जत राहावी, असं तिला वाटत नाही.

तिनं चष्मा लावला आणि यादीवरून बोट फिरवायला लागली. वरची नावं बघून मान हलवत होती. हिला पहिल्या खेपेला सिझर झालंय, बरोबर. हिला साखर आहे, बरोबर. मला वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटत होतं. मग बोट खाली खाली गेलं आणि शेवटच्या पानावर थांबलं.

“शोभी हितं खाली कावून?”

शोभा म्हणजे आमच्या शेजारच्या घरची सून. पण माझ्यासाठी त्याच्या आधीची शोभा: सातवीपर्यंत एका बाकावर बसलेली, माझ्यापेक्षा गणितात हुशार. तिच्या घरी मागं ठेवायला कोणी आत्या नव्हती, म्हणून आठवीच्या वर्षी ती टोळीबरोबर गेली. माझ्यात आणि तिच्यात फरक तेवढाच. पुढं लग्न होऊन ती आमच्याच गल्लीत आली, आणि यादीच्या वर्षी दुसऱ्यांदा गरोदर होती. शेवटची नोंद दसऱ्याच्या आधीची: पाचवा महिना, अंगात रक्त कमी. पुढचे रकाने रिकामे.

मी लताताईला समजावलं की पुढं काही तक्रार नोंदलेली नाही, म्हणून मशीननं तिला खाली टाकलं.

“तक्रार कोण नोंदवणार? मी? ती हाय कुठं हितं?” असं म्हणून तिनं पिशवीतून आपली वही काढली. सरकारी रजिस्टर नाही. स्वतःची, पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. शोभाच्या पानावर, समासात, पेनानं एक छोटा कोयता काढलेला होता. लताताईनं पानं उलटली. कोयता, कोयता, एक पान सोडून परत कोयता. दसऱ्यानंतर ती गल्लीतून फिरते, ज्या दाराला बोराटी दिसली त्या घरच्या बाईच्या पानावर कोयता काढते, म्हणजे ती परत येईपर्यंत आपण दार वाजवायचं नाही, पण विसरायचंही नाही. मोबाईलमध्ये नोंद भरताना समास कुठं भरणार? तिथं त्याला जागाच नव्हती.

मी यादी उलटी करून मांडीवर ठेवली. कारण रिकाम्या रकान्यांचं काय करायचं, हे मशीननं ठरवलं नव्हतं. मी ठरवलं होतं. ती ओळ माझ्या हातची होती: रकाना रिकामा असेल तर ‘तक्रार नाही’ असं धर. लिहिताना क्षणभरही अडखळले नव्हते. पुण्यातल्या कोण्या पोरीनं लिहिली असती तर म्हणता आलं असतं, तिला काय ठाऊक. मी ती आत्याकडून शिकले होते. निरोप न्हाई म्हंजे बरं हाय. सहा हिवाळे पाठ केलेलं वाक्य मी कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवलं होतं. आणि मशीन तर गुणी विद्यार्थी. जेवढं शिकवलं तेवढं मन लावून शिकलं. ज्या बायांच्या नोंदी दसऱ्यापासून बंद होतात त्या सगळ्यांत सुखरूप, असं त्यानं ठरवून टाकलं. सातव्या महिन्यात ट्रॉलीत चढलेली माझी माय या यादीत असती, तर शेवटच्या पानावर असती.

मी ते लताताईला सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, रडायचं नंतर, आधी शोभीला हुडक.

टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन बंद होता. शोभाच्या नवऱ्याचा लागत होता, पण उचलत नव्हता. घरी येऊन मायला सांगितलं तर ती म्हणाली, येड्यावानी दुपारी फोन करती का, दुपारी समदी फडात असत्यात. दिवस कलला की बाया पाण्याला जात्यात, तवा लाव. आत्यानं ज्या ट्रकवर ती टोळी गेलती त्याच्या ड्रायव्हरचं नाव सांगितलं. त्याची बायको आत्याकडून दूध न्यायची. तिच्याकडून त्याचा नंबर मिळाला, आणि ऊन उतरता उतरता, त्याच्याच फोनवर, शोभा बोलायला आली. मागं हापशाचा आवाज येत होता.

मी विचारलं, शोभे, कशी हायस? ती म्हणाली, बरी हाय की. चक्कर येते का? न्हाई. काही त्रास? न्हाई ग, मला काय होतंय, तू कवा आलीस गावाला? मी फॉर्मातले सगळे प्रश्न विचारले आणि सगळ्यांची उत्तरं रिकाम्या रकान्यासारखी आली. माय शेजारी उभी होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

“शोभे, चप्पल बसती का पायात?”

पलीकडं हापसा वाजत राहिला. मग शोभा म्हणाली, “पंधरा दिस झाले मावशी, अनवाणीच हाय. अंगठाच शिरंना.”

“मोळी उचलताना डोळ्यापुढं काय दिसतं?”

“काजवे.”

मायनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मायला स्वतःला तेच झालं होतं. सहावीच्या वर्षी, त्या कोपीत. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा त्याबद्दल उघड काही सांगितलं होतं, आणि तेही दोन प्रश्नांच्या रूपात.

पुढचं लताताईनं केलं. आपल्या नर्सताईकडून तिकडच्या केंद्राचा नंबर, तिथून तिकडच्या आशाचा नंबर. ती बाई, जिला आम्ही कोणी कधी बघितलं नाही, अंधार पडायच्या आत स्कूटीवर कोप्यांपर्यंत गेली. रक्तदाब इतका होता की खात्री करायला तिनं हाताचा पट्टा सोडून परत बांधला. शोभाची सासू म्हणत होती, उद्या जाऊ, आज अर्धा फड राहिलाय. त्या बाईनं काय सांगितलं ते कळलं नाही, पण ॲम्ब्युलन्स आली आणि शोभा अनवाणी पायानं तीत चढली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर झटके आले असते. आठ दिवसांनी, वेळेच्या आधी, तिला मुलगी झाली. इवलीशी, काचेच्या पेटीत ठेवावी लागली अशी.

ती ओळ मी खोडली. पण खोडून भागत नाही. तिच्या जागी काय लिहायचं? त्या महिन्यात मी तालुकाभर फिरले आणि आशाताईंच्या वह्यांचे समास बघितले. त्यासारखं शिक्षण मला कोणत्याच वर्गात मिळालं नाही. एकीच्या समासात कोयता, एकीच्या ट्रॅक्टरचं चाक, एकीनं नुसतं ‘गे’ लिहिलेलं, गेली म्हणून. एकीच्या वहीत बोरीचं पान चिकटवलेलं. जे कोणत्याच सरकारी कागदावर नव्हतं ते या बायांनी पेनाच्या टोकानं, कोणी न सांगता, वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. आम्ही त्या सगळ्या खुणा मिळून एक रकाना केला: कोयत्यावर गेली का? आणि त्याच्या पुढं दुसरा, मायचा: चप्पल बसते का?

लताताईला त्यातही खोट दिसली. ही यादी मुकादमाच्या हाती लागली तर पोटुशी बाई टोळीत कोणी घेणार न्हाई, मग ती पोटच लपवंल, म्हणाली. खरं होतं. इम्राननं त्या यादीला असं कुलूप घातलं की आशाताईला फक्त तिच्या गावची नावं दिसतात आणि मलासुद्धा नावं दिसत नाहीत, नुसते आकडे. गप बसणाऱ्यांबद्दलचं त्याचं ते वाक्य मी आता कानात साठवलंय, हेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, चहा पाज.

आता मशीनचं कौतुक केल्याशिवाय मला राहवत नाही. पुढच्या सीझनला त्यानं अशा एका बाईचा आकडा वर आणला, जिच्या पानावर कोणाचीच खूण नव्हती. वस्ती दूर, रानात; घर उठलं होतं, पण आशाताईंची फेरी तिथवर पोचलीच नव्हती. मशीननं ओळखलं ते शाळेच्या हजेरीवरून. शेजारच्या टेबलावरची माहिती आम्ही, नावं झाकून, जोडून घेतली होती. त्या घरची दोन पोरं दसऱ्याच्या आठवड्यापासून गैरहजर. गुरुजी ज्या नावांवरून न थांबता पुढं जायचे, तिथंच ते थांबलं. लताताईपर्यंत हे गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, शिकलं की गं ते. एवढी शाबासकी मला तिनं एम.एस्सी.लाही दिली नव्हती.

आत्याला मी अजून तिचं वाक्य चुकीचं होतं असं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्या वाक्याच्या आधारावर तिनं मला सहा हिवाळे झोपवलं. मनाला धीर द्यायला ते खरंच होतं. यादी करायला नव्हतं, इतकंच.

काल फाट्यावरून ट्रॉल्या हलल्या तेव्हा लताताई वही घेऊन गल्लीतून निघाली. मी तिच्या मागं मागं चालले. एका दाराला बोराटी, तिच्या वहीत कोयता. लगेच मोबाईलमध्ये रकाना. शोभाच्या दाराशी आम्ही थांबलो. दार उघडं होतं. यंदा नवरा एकटा गेलाय. ती मागं राहिलीय. तिची मुलगी उंबऱ्यात बसून आईच्या चपला पायात घालत होती, दोन्ही एकाच पायात.

आमच्या तालुक्यातून कोयत्यावर गेलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आता दर आठवड्याला, दिवस कलल्यावर, फोन जातो. तिला काय विचारायचं ते माझ्या मायनं ठरवून दिलंय.